बेकार आंतड्याची साक्ष

यकृतांत चरबी सांठलेली आढळली कीं पूर्वीं डॉक्टरांचा एक ठराविक प्रश्न असे, ‘मद्य किती घेतां?’ रोग्यानें कितीही नाकारलें तरी त्याच्या शब्दावर विश्वास बसणें कठीण जाई. १९८० सालीं अमेरिकेंतील रोचेस्टर येथल्या मेयो क्लिनिकमध्यें लुडविग या विकृतिशास्त्रज्ञानें सहकाऱ्यांसह अशा २० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचें यकृत मद्यप्याच्या यकृतासारखें दिसे; मद्याचा संबंध मात्र नव्हता. बहुतेक रोगी स्थूल होते. रोगास नांव मिळालें, कारण मिळालें नाहीं.

श्रोतेहो, त्या कारणाचा एक धागा भलत्याच ठिकाणीं सांपडला, आणि तोही रोग्यांच्या जिवावर बेतून.

अतिस्थूल माणसांचें वजन उतरविण्यासाठीं १९५४ सालीं मिनेसोटांतील क्रेमेन प्रभृति शस्त्रवैद्यांनीं एक शस्त्रक्रिया पुढें आणली. लहान आंतडें सुमारें २० फूट लांबीचें. त्याचा आरंभींचा तुकडा शेवटच्या तुकड्यास जोडावयाचा व मधला सर्व भाग अन्नाच्या वाटेंतून वगळावयाचा. पेन व डीविंड यांनीं १९६९ मध्यें सांगितलेल्या पद्धतींत आरंभींचे १४ इंच आणि शेवटचे ४ इंच एवढेंच आंतडें कामावर राही. उरलेलें पोटांतच, पण बेकार.

वजन झपाट्यानें उतरलें. तथापि कांहींच्या बाबतींत विपरीत घडलें. अंग वाळत होतें आणि यकृत चरबीनें भरत होतें. कित्येकांचें यकृत निकामी होऊन ते दगावले. प्रथिनांवांचून वाढणाऱ्या मुलांच्या यकृतांत चरबी सांठते हें ठाऊक होतें, म्हणून हेंही कुपोषणच असावें असा तर्क झाला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणें तो वावगा नव्हता. पण १९८२ सालीं ड्रेनिक, फिस्लर व जॉन्सन यांनीं अशा रोग्यांस मेट्रोनिडाझोल हें जंतुनाशक औषध देऊन पाहिलें. चरबी उतरली, आणि पोषणाची उणीव असतांनाही उतरली! बेकार पडलेल्या आंतड्यांत जंतूंचें रान माजलें होतें, आणि त्याचे भोग यकृताच्या वांट्यास आले होते.

यकृतालाच कां? आंतड्यांकडून निघणारी मोठी शीर थेट यकृतांत शिरते. त्यास मिळणारें सुमारें तीन-चतुर्थांश रक्त तिच्यांतूनच येतें. शेजारच्या घराचें सांडपाणी आपल्या अंगणांत यावें, तसा हा प्रकार.

शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूल माणसाचें काय, हा प्रश्न मात्र पुढें वीस वर्षें बराचसा तसाच राहिला. २००४ सालीं सेंट लुई येथें जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेंत, जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांच्या पोटांत सामान्य उंदरांचे जंतु सोडण्यांत आले. उंदीर पूर्वींपेक्षां कमी खात, तरी चौदा दिवसांत त्यांच्या अंगची चरबी सुमारें ६० टक्क्यांनीं वाढली. यकृतांतही ती चढली. २००७ मध्यें पॅट्रिस कानी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, अतिस्निग्ध आहारानें उंदरांच्या रक्तांत जंतूंच्या कवचांतील विष वाढतें, आणि तें विष थोडथोडें शरीरांत सोडीत राहिल्यासही यकृतांत चरबी सांठते.

२०१९ सालीं चीनमधील संशोधकांनीं तर एक मौजच उघडकीस आणली. मद्य न घेतां झिंगणाऱ्या एका रोग्याच्या आंतड्यांत त्यांना साखरेचें मद्य करणारा क्लेब्सिएला जातीचा जंतु सांपडला. पुढें चरबीयुक्त यकृताचे ४३ रोगी तपासले, तों सुमारें ६० टक्क्यांच्या पोटांत असेच मद्य गाळणारे जंतु निघाले. म्हणजे तो जुना प्रश्न अगदींच निरर्थक नव्हता. विचारला मात्र भलत्याच प्राण्यास!

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हें येथें विसरतां येत नाहीं. जंतु बदलून यकृत बरें करण्याचा खात्रीचा उपाय अद्याप हातीं आलेला नाहीं; वजन उतरविणें हाच उपाय डॉक्टर प्रथम सांगतात. त्यासाठीं आज होणाऱ्या कांहीं शस्त्रक्रियांतही आंतड्याचा थोडा भाग अन्नाच्या वाटेंतून वगळतात, परंतु त्यांतून पित्त वाहत राहील अशी व्यवस्था ठेवतात. १४ आणि ४ इंचांची ती जुनी शस्त्रक्रिया शस्त्रवैद्यांनीं केव्हांच टाकून दिली. पुष्कळ रोग्यांचीं आंतडीं पोट उघडून पुनः पूर्ववत् जोडून द्यावीं लागलीं.