तेल, रबर आणि संकोच

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला. मंडळी क्षणभर स्तब्ध झाली. अखेर एकांनी विचारले, “ह्याला इतिहास आहे काय?” आहे, आणि तो पुष्कळसा कामगारांच्या हातांतून गेलेला आहे. म्हणून शाळा अर्धवट सोडलेल्या आमच्यासारख्याने तो सांगितला तर श्रोत्यांनी गोड मानून घ्यावा.

स्त्रीपुरुषांच्या समागमात कोरडेपणामुळे वेदना होऊ नये म्हणून जे वापरतात, त्याला औषधाच्या दुकानात ‘जेली’ किंवा ‘लुब्रिकंट’ म्हणतात. आम्हा कामकऱ्यांच्या भाषेत ते वंगणच.

१९९८ च्या सुमारास आम्ही मालमोटारींच्या चालकांची संघटना बांधीत होतो. एके संध्याकाळी वर्गणी देऊन झाल्यावर एक चालक मागे रेंगाळला. दोन मुलांचा बाप, सरळ माणूस. म्हणाला, “भाऊ, निरोध फाटतोय. दोनदा फाटला. माल खोटा आहे का हो?” धाकट्याच्या जन्मानंतर बायकोला त्रास होई, म्हणून तो खोबरेल लावीत असे, हेही त्याने मान खाली घालून सांगितले. आम्ही पुढारी पडलो. ‘ठाऊक नाही’ म्हणणे जिवावर आले. “दुसऱ्या कंपनीचा घेऊन पाहा,” असे ठोकून दिले. वर्ष उलटायच्या आत त्याच्या घरी तिसरे मूल आले. पेढे आम्हांलाही मिळाले, पण ते घशाखाली उतरेनात. कारण दरम्यान एका डॉक्टरांनी खरे कारण आम्हांस सांगितले होते. दोष कंपनीचा नव्हता, खोबरेलाचा होता.

लाजिरवाणी गोष्ट अशी की, हे त्या चालकाला आणि आम्हालाही एका परीने ठाऊकच होते! ब्रेकच्या सिलिंडरमध्ये चुकून इंजिन ऑइल पडले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक जातो, हे कोणता क्लीनर जाणत नाही? पण गॅरेजातली अक्कल बिछान्यापाशी न्यावी, हे कोणास सुचले नाही.

आता थोडे मागे जाऊ. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागली. पंपाच्या दांड्यांवर मेणासारखा चिकट गाळ साचे, तो मजुरांना नकोसा होई. पण कापले-भाजले तर तोच गाळ ते जखमेला चोपडीत. रॉबर्ट चेसब्रो नावाचा रसायनज्ञ तेथे गेला, त्याने तो गाळ नेऊन शुद्ध केला आणि १८७२ साली ‘व्हॅसलिन’चे पेटंट घेतले. गुण मजुरांनी ओळखला, पेटंट दुसऱ्याचे झाले. असो, तो आमचा नेहमीचा विषय आहे, आज नको. ती डबी पुढे घरोघर गेली आणि अर्थातच शेजघरातही गेली.

पाण्यात विरघळणारी जेली आली ती मात्र शस्त्रक्रियेच्या खोलीतून. १९०४ साली न्यूयॉर्कच्या व्हॅन हॉर्न अँड सॉटेल ह्या कंपनीने ‘के-वाय’ जेली काढली, ती शल्यवैद्यांची उपकरणे सुलभ सरकावीत म्हणून. संसारी माणसांकडे ती पुढे हळूहळू वळली. तिकडे १९२० नंतर लेटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकाचे, पातळ निरोध निघू लागले. व्हॅसलिन आणि रबर अशा रीतीने एकाच उशाखाली आले. ह्याचा परिणाम किती झटपट होतो, हे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत दिसले: खनिज तेल लागल्यापासून अवघ्या साठ सेकंदांत लेटेक्सची ताकद सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. साठ सेकंद!

आपल्याकडे काय चालले होते? र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी त्यापायी गेली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांच्या खासगी शंकांना सरळ उत्तरे दिली म्हणून खटलेही सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. दंड झालाच. एका माणसाने पदरमोड करून सव्वीस वर्षे उत्तरे द्यावी आणि तो गेल्यावर ती जागा रेल्वेच्या भिंतींवरील ‘गुप्तरोग, मर्दानी कमजोरी’वाल्यांनी बळकवावी, ह्याचा आम्हांस आजही राग येतो. पुरुषाच्या लाजेवर जगणारा असा दुसरा धंदा नसेल.

सरकारने १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आणला, पंधरा पैशांना तीन. किंमत खरोखर गरिबाची होती. परंतु माल कोरडा. वंगण लावलेला पुढे आला. कोरडा बोचला की घरातले तेल हाताशी असेच.

तेव्हा निवडावे काय? लेटेक्सचा निरोध असेल तर खोबरेल, तूप, व्हॅसलिन, क्रीम सर्व वर्ज्य. पाण्याची किंवा सिलिकोनची जेली चालते. पाण्याची धुतली जाते पण लवकर सुकते, पुन्हा लावावी लागते, सिलिकोनची टिकते. साबण कदापि नको, त्याने कातडी चुरचुरते. पाण्याच्या जेलींतही सगळ्या सारख्या नाहीत. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसेच फार दाट जेली आतल्या नाजूक त्वचेतील पाणी ओढून घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली हे माप घालून दिले: ऑस्मोलॅलिटी शक्यतो ३८० च्या आत, निदान १२०० च्या वर नको. आणि ‘जंतुनाशक’ शब्दाला भुलू नये. नोनॉक्सिनॉल-९ हे द्रव्य एड्सचा विषाणू मारील म्हणून जेलीत घालीत. २००० साली डरबनच्या परिषदेत उघड झाले की, ते वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत लागण उलट वाढलीच. मूल हवे असलेल्या जोडप्यांनीही डॉक्टरांना विचारून घ्यावे, कारण कित्येक जेलींनी शुक्रजंतूंची चाल मंदावते.

आता आमच्या वयाच्या पुरुषांविषयी. मागे एक जुना सभासद आला, पन्नाशी उलटलेला. पुढची कातडी चिरते, जळजळते, म्हणून जेलीचे नाव विचारीत होता. ह्या खेपेस आम्ही कंपनीचे नाव सांगितले नाही. अशा चिरा मधुमेहात पडतात. ताठरता कमी होणे हीही कधी कधी रक्तवाहिन्यांच्या दुखण्याची पहिली वर्दी असते, आणि तिच्यावर कोणतेही वंगण चालत नाही. त्याला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. साखर भलतीच वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या, चिरा भरल्या. जेली त्याने नंतर घेतली, पाण्याची. आणि बायकोला सांगून घेतली, असे तो आपणहून म्हणाला.