अंगणातला चारबाग

चारबाग म्हटलं की लोकांना थेट ताजमहाल आठवतो. आम्हा बुलढाणेकरांना इतकं लांब जायची गरज नाही. सिंदखेडराजाला लोक लखुजीराव जाधवांचा वाडा बघतात (जिजाऊंचं जन्मस्थान, १५९८), फोटो काढतात आणि परत फिरतात. चांदणी तलावाकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. तलावाच्या मधोमध इमारत आहे, म्हणजे तलाव हेच तिचं अंगण!

लखुजीराव निजामशाहीतले बडे सरदार. त्याच निजामशाहीच्या अहमदनगरला (आता अहिल्यानगर) १५८३ मध्ये फराहबाग पूर्ण झाला. तिथेही प्रचंड हौद आणि मधोमध महाल. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं मी म्हणत नाही, पण आवड एकाच दरबाराची वाटते खरी.

मुळात ही कल्पना कोरड्या मुलखातली. इराणात पाणी दुर्मीळ, म्हणून आधी पाट आखायचे आणि मग झाडं. चौरस घ्या, एकमेकांना छेदणारे दोन पाट काढा, चार वाफे तयार. १५२६ मध्ये बाबर इथे आला तेव्हा बागांत वाहतं पाणी नाही म्हणून वैतागला होता, त्याच्या आत्मचरित्रात तसं लिहिलंय. मग पठ्ठ्याने आग्र्याला विहिरी खोदून बाग केलीच. औरंगजेबाच्या मुलाने आईसाठी बांधलेल्या बिबी का मकबऱ्यातही तोच हिशोब. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन तेच, फक्त पॅरामीटर वेगळे.

आता आपला वाडा बघा. चौक, मध्ये तुळशीवृंदावन, चारही बाजूंनी ओसरी. हीसुद्धा आखीव बागच की, फक्त झाड एकच. आणि मोरीचं पाणी वाया न जाता परसातल्या केळी-अळूला जायचं.

हे सगळं उकरायचं कारण म्हणजे चिखलीच्या घरापुढचं आमचं अंगण, १५ बाय २० फूट. एका कंत्राटदाराने 'फॉर्मल गार्डन'चं चित्र काढून दिलं: लॉन, दुरांताचं कातरलेलं कुंपण, मध्ये कारंजं. दिसायला झकास. पण मी हिशोब मांडला. ३०० चौरस फूट म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. लॉनला रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी १४० लिटर झाले! आमचं गाव घाटावरचं. मे महिन्यात दारात टँकर आला की आई हंडे, बादल्या, पातेली सगळं भरून ठेवते. तिने ते पाणी गवताला घालायचं?

उलट ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर पावसाळ्यात ३९ हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. ते आज सरळ रस्त्यावर जातं.

म्हणून बाबरासारखं पाण्यापासून सुरू करायचं ठरवलंय. गच्चीचा पाईप गाळणीतून अंगणाखालच्या टाकीत. वर शहाबादी फरशीच्या दोन वाटा, एकमेकींना छेदणाऱ्या. चार कोपऱ्यांत चार वाफे: दोनांत मोगरा, एकात अबोली, एकात गवती चहा (हा हट्ट माझा). मधल्या चौकात कारंज्याऐवजी तुळस. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी मोगऱ्याला.

चित्र बघून आईने एकच विचारलं, रांगोळी कुठे काढायची? फाटकापाशी तीन बाय तीनचा तुकडा तिच्यासाठी सोडलाय. त्याने चारबागेची सममिती बिघडते, पण तिथे वाद घालायची माझी टाप नाही.