तेलसंचायक : जुन्या शर्यतीच्या मोटारीतला

तेलसंचायक : इंजिनातले वंगणतेल दाबाखाली साठवून ठेवणारे आणि पंपाचा दाब पडताच ते बेअरिंगांकडे धाडणारे नळकांडे. गॅरेजात त्याला ॲक्युम्युलेटर म्हणतात; अमेरिकेतल्या कँटन कंपनीच्या ‘ॲक्युसंप’ या नावानेही ते ओळखले जाते. आत सरकणारा एक पिस्टन, त्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा, एवढीच त्याची रचना. त्याला पट्टा लागत नाही, गिअर लागत नाही. जुन्या इंजिनाचा क्रँक वाचवण्यासाठी इतके साधे आणि इतके उपयोगी साधन दुसरे क्वचितच असेल.

उपनगरातल्या सोसायटीत राहणाऱ्याला त्याचे काम चटकन कळते. खालची टाकी तळाला गेली की पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागतो, तरीही घरात नळ वाहतो, कारण गच्चीवरची टाकी भरलेली असते. इंजिनाच्या संपात, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत चेंबरात, जोराच्या वळणावर असेच होते. तेल संपलेले नसते, ते एका अंगाला गेलेले असते. गाडीवरचा आडवा ओढा गुरुत्वाकर्षणाइतका झाला तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. तेल चेंबरच्या भिंतीवर चढते, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंपात हवा शिरते. जोराचा ब्रेक लागला की तेल पुढे धावते. सुटताना गाडी उसळली की मागे.

हे सगळे एखाद्या सेकंदाचे असते, पण मिनिटाला ५,००० फेरे घेणारा क्रँक एका सेकंदात ८३ वेळा फिरतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजारांश भागांत मोजावी लागते. तो तुटला की धातूला धातू घासतो. आधी दाबाचा काटा पडतो, मग तळातून ठकठक ऐकू येते. ठकठक कानावर येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

मुंबईत या विषयाचे स्वाभाविक उदाहरण म्हणजे फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या तिच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून घरोघरी पोचली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने शहराची ओळख बनली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली. वीस वर्षांची मुदत भरल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेवेतून उतरली. कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे.

या टॅक्सीच्या इंजिनाचे कूळ मात्र शर्यतीचे आहे, आणि ते आवर्जून सांगायला हवे. १,०८९ घन सेंमी. क्षमतेचे, चार सिलिंडरांचे हे घराणे फियाटने १९३७ मध्ये आणले. सिलिंडरचा व्यास ६८ मिमी. आणि पिस्टनची धाव ७५ मिमी. दुसऱ्या महायुद्धानंतर तुरिनच्या पिएरो दुझिओ यांनी याच इंजिनावर सिसितालिया डी-४६ ही एकआसनी शर्यतगाडी उभी केली. तिचा आराखडा दान्ते जाकोसा यांचा होता आणि ती १९४६ मध्ये शर्यतीत उतरली. १९५८ नंतरच्या फॉर्म्युला ज्युनियर शर्यतींत मोदेनाच्या स्टँगुएलिनी गाड्या फियाट ११०० चेच इंजिन घेऊन धावल्या, आणि १९५९ मध्ये मोनॅकोची ज्युनियर शर्यत अशाच एका गाडीने जिंकली. भारतात स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मोटारींचे पर्याय मोजके होते. त्यामुळे जुहूच्या विमानतळावर आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर झालेल्या शर्यतींत ताकद वाढवलेल्या फियाट असत. धावपट्टीवरची शर्यत तेलाच्या दृष्टीने फार कठोर, कारण लांब सरळ पट्ट्यानंतर जोराचा ब्रेक येतो आणि लगेच घट्ट वळण.

सिसितालियाच्या बांधणीत चेंबरची अडचण मुळातच सोडवलेली होती. त्या गाडीला ड्राय संप होता, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवण्याची सोय. आजही उत्तम उपाय तोच. पण त्यासाठी जादा पंप, टाकी आणि बरीच नळजोडणी लागते, खर्च मोठा येतो आणि जुन्या इंजिनाचे मूळ रूप बदलते. रस्त्यावरच्या मोटारीतून घडवलेल्या शर्यतगाडीला तेलसंचायक परवडतो तो इथे.

साठा किती कामाला येतो याचे गणित हवेच्या नियमावर चालते. समजा, नळकांडे २ लिटरचे आहे आणि आत तेल नसताना त्यात दर चौरस इंचाला १० पौंड दाबाची हवा भरली आहे. इंजिनाचा तेलदाब ६० पौंड झाला की (काट्यावर न दिसणारा वातावरणाचा दाबही धरून) हवा दबून एक तृतीयांश जागेत बसते आणि सुमारे १.३ लिटर तेल आत शिरते. वळणावर दाब २० पौंडांपर्यंत कोसळला तर त्यातले पाऊण लिटर बाहेर पडते. एक-दोन सेकंदांच्या खंडाला तेवढे पुरते. हवा जास्त भरली तर तेलाला जागा उरत नाही. फार कमी भरली तर शेवटचे तेल ढकलायला जोर राहत नाही.

बसवताना खरी कसोटी जोडाच्या जागेची. दाबाच्या काट्याला जाणारी नळी बारीक असते, म्हणून संचायक तिथे जोडणे ही हमखास होणारी चूक. तेल मुख्य वाहिनीतच यायला हवे, तेही आतून निदान अर्धा इंच व्यासाच्या, शक्य तितक्या आखूड नळीने. काही इंजिनांत फिल्टरच्या बैठकीवर अ‍ॅडॉप्टर बसतो; काहींत मुख्य वाहिनीच्या टोकाचा बूच काढून जोड घ्यावा लागतो. पंप आणि संचायकाचा जोड यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, पाण्याच्या पंपाला असतो तसाच. तो नसेल तर साठ्यातले काही तेल बेअरिंगांकडे न जाता पंपातून चेंबरात परतते. नळकांडे सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, दोन भक्कम क्लॅम्पांनी धरलेले असावे. नळी पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे हवेच. ६० पौंड दाबाचे तापलेले तेल चालकाच्या पायांशी फुटले तर भाजल्याशिवाय राहत नाही. हवेच्या बाजूला टायरच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. सायकलच्या पंपानेही तिथे हवा भरता येते.

तेलाच्या नळीवर एक बंद-चालू व्हॉल्व्ह असतो, हाताचा किंवा विजेवर चालणारा. इंजिन बंद करण्याआधी, दाब चांगला असतानाच, तो बंद करायचा म्हणजे साठा भरलेला राहतो. पावसाळ्याचे चार महिने झाकून ठेवलेली गाडी ऑक्टोबरात बाहेर काढताना याची खरी किंमत कळते. बेअरिंगांतले तेल केव्हाच निथळलेले असते. चावी फिरवण्याआधी व्हॉल्व्ह उघडला की स्टार्टरला हात न लावता तेलदाबाचा काटा हलून वर येतो, आणि पहिल्या फेऱ्यालाच क्रँकला तेल मिळते.

इंजिन बंद करताना हा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर साठा चेंबरात उतरतो आणि डिपस्टिकवर पातळी जास्त दिसते. माहिती नसलेला माणूस जादा तेल काढून टाकतो. मग इंजिन सुरू होताच संचायक भरू लागतो आणि चेंबर कोरडे पडते. म्हणून तेलाची पातळी संचायक भरलेला असतानाच ठरवावी आणि तशी चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी.

संचायकाने वाईट चेंबर चांगले होत नाही. आधी चेंबरात आडव्या पट्ट्या वेल्ड करून तेल जाळीभोवती अडवले पाहिजे आणि झिजलेला पंप बदलला पाहिजे, संचायक त्यानंतर. लांबलचक वळणात साठा संपला आणि पंप हवाच ओढत राहिला, तर पुढे आधार उरत नाही.

मूळ रूपाचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. शर्यतीचे वेगळे नियम आयोजकाकडून लेखी घ्यावेत. इंजिनाच्या ब्लॉकला नवे भोक न पाडता, पुन्हा काढता येईल अशाच जोडांनी संचायक बसवावा, आणि काढलेले मूळ बूच व बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत गाडीबरोबरच जपून ठेवावेत.