जोन्सटाउनची मुलं

जोन्सटाउन म्हटलं की ‘सामूहिक आत्महत्या’ हा शब्द लगेच येतो. तो जरा तपासून पाहू. १८ नोव्हेंबर १९७८. गयानाच्या जंगलातल्या या वस्तीत ९००हून अधिक माणसं मेली. त्यांत ३००हून अधिक अल्पवयीन होती. विष आधी लहानग्यांना पाजलं गेलं. ही आत्महत्या कशी?

जिम जोन्सच्या ‘पीपल्स टेम्पल’मध्ये गोरे-काळे एकत्र बसत. तेव्हाच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. त्या ओढीनं आईवडील आले आणि त्यांचं बोट धरून मुलं. पुढे गयानात पासपोर्ट काढून घेतले गेले, सशस्त्र पहारा बसला, विषप्राशनाची रंगीत तालीमसुद्धा झाली.

त्या दिवशी वस्तीतल्या तरुणांचा बास्केटबॉल संघ मात्र राजधानी जॉर्जटाउनला होता. रेडिओवरून हुकूम आला, तुम्हीही मरा. जोन्सचाच १९ वर्षांचा मुलगा स्टीफन, त्यानं तो मानला नाही. संघ वाचला.

जॉर्जटाउनला डोक्यावर बंदूक नव्हती, नकाराला जागा होती. म्हणून ‘त्या पोरांनी ऐकलंच का?’ असं विचारण्याआधी, नाही म्हणायची सोय कुणाला होती, हे बघावं लागतं.