जासुदाची जोडी

भेस्तानात नहरेकाठच्या रस्त्यावर पहाटे पाचला उभं राहिलं की दोन प्रकारची माणसं दिसतात. रातपाळी संपवून लूमच्या कारखान्यातून घराकडं निघालेली, आणि पोलीस भरतीसाठी पळणारी. पुष्कळदा ती एकच माणसं असतात. कानात मागाचा खटका अजून वाजत असतो आणि पायात पळायचे बूट असतात.

मी या रस्त्यावर तीस वर्षं शिट्टी वाजवली. 1979 साली शिंदखेड्याहून पॅसेंजरनं उधन्याला उतरलो, दोन वर्षं मागावर उभा राहिलो, मग महापालिकेच्या मराठी शाळेत पीटीचा मास्तर झालो. आता निवृत्त आहे. पोरं ‘नाना’ म्हणतात आणि घड्याळ माझ्या हातात देतात. गुजरातच्या लोकरक्षक भरतीचं गणित भेस्तानातल्या शेंबड्या पोराला पाठ आहे: मुलग्यांना 5 किलोमीटर 25 मिनिटांत, मुलींना 1600 मीटर साडेनऊ मिनिटांत.

मागच्या वैशाखातली गोष्ट. नंदुरबारकडचा एक पोरगा बारा तासांची रातपाळी करून एका चहावर पळायला आला. चोवीस मिनिटं चाळीस सेकंदांत त्यानं रेघ ओलांडली, कमरेवर हात ठेवून जागीच उभा राहिला, माझ्याकडं वळून म्हणाला, “नाना, डोयासमोर अंधारी उनी,” आणि उभाच्या उभा कोसळला. लगेच चारजण धावले. एकानं काखेत हात घालून त्याला उभं केलं, दुसरा बाटली त्याच्या ओठाला लावू लागला, तिसरा चहाच्या टपरीवर कांदा आणायला पळाला. मी ओरडलो, “आडवा ठेवा त्याला! पाय वर!” एका पोराच्या मांडीवर त्याच्या टाचा ठेवल्या. मिनिटभरानं डोळे उघडले, दोन मिनिटांनी हसला, आणि पहिला प्रश्न विचारला, “टायमिंग किती?”

त्या दिवशी घरी येऊन मी विचार करत बसलो. पळणं आपल्याकडं काल आलेलं नाही. मग पळता पळता पडणाऱ्याचं काय करायचं, हे शहाणपण कुठं सांडलं?

सुरत म्हटलं की मराठी माणसाला 1664 आणि 1670 आठवतात, महाराजांचे घोडे आठवतात. मला पायी पळणारे आठवतात. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं आग्र्याला जायची ती पत्तेमारांच्या पायांवर. आज पत्तेमारी म्हटलं की आपल्याला गलबत आठवतं, पण पत्तेमार म्हणजे पायी पळणारा निरोप्यासुद्धा. आपल्या दप्तरांत हाच माणूस कासीद म्हणून, जासूद म्हणून, हरकारा म्हणून येतो. त्याच्या मजुरीला अजुरा म्हणत.

पेशवाईतली पत्रं चाळताना एक शब्द सारखा आडवा येतो: जासूद जोडी. पत्र एकाच्या हाती देत नसत, जोडी रवाना करत. एक लुटला, आजारी पडला, तापत्या उन्हात झाडाखाली बसला तर दुसऱ्यानं पुढं जावं, हा त्यातला हिशेब असणार. पत्र पोचायला हवं म्हणून केलेली ती सोय. पण पीटीच्या मास्तराच्या नजरेनं पाहिलं तर पळणाऱ्याच्या जिवाचा पहिला विमा तोच. शेजारी एक माणूस आहे, आणि तुझं पाऊल वाकडं पडायला लागलं की ते तुझ्याआधी त्याला दिसणार आहे.

पुढं डाक टप्प्याटप्प्यानं जाऊ लागली. हरकाऱ्यानं आपल्या टप्प्यापुरतं पळायचं, काठीला बांधलेली घुंगरं वाजवत यायचं, थैली पुढच्याच्या खांद्यावर द्यायची आणि बसायचं. शेकडो मैलांचं पळणं होतं, पण ते एका शरीरावर लादलेलं नव्हतं. थांबण्याची जागा आधीच ठरलेली होती, त्यामुळं थांबण्यात लाज नव्हती.

ही लाज शर्यतीनं आणली. एकट्यानं पळायचं, घड्याळाशी पळायचं आणि शेवटपर्यंत पळायचं. 1896 ला अथेन्समध्ये मॅरेथॉन सुरू झाली आणि माणसं सगळ्या जगासमोर पडायला लागली. 1904 साली अमेरिकेत सेंट लुईसला धुळीच्या रस्त्यावर, भर उन्हात 32 जण सुटले आणि 14 पोचले. वाटेत पाणी मिळणं दुर्मीळ, कारण पाण्यावाचून शरीर किती चालतं ते आयोजकांना पाहायचं होतं. विजेता टॉमस हिक्स याला त्याची माणसं पाण्याऐवजी अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि चक्क स्ट्रिक्नीन देत होती. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कुचल्यातलं विष. तो जिंकला, आणि जिंकल्यावर त्याला उचलून न्यावं लागलं.

चार वर्षांनी लंडनला इटलीचा दोरांदो पिएत्री सगळ्यांच्या पुढं स्टेडियममध्ये शिरला तो उलट्या दिशेनं वळला. कुठं आहोत हेच त्याला उमगत नव्हतं. शेवटच्या काही शे यार्डांत तो पुन्हा पुन्हा पडला, पंचांनी उठवलं, धरून रेघेपार नेलं. आणि मदत घेतली म्हणून बाद ठरवलं. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रानं त्याला चांदीचा पेला दिला. पण पळणाऱ्या जगानं त्या दिवशी जो धडा घेतला तो उलटा होता: पडणाऱ्याला हात लावला तर त्याची मेहनत वाया जाते. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये स्वित्झर्लंडची गॅब्रिएला आंडरसन-शीस वाकडीतिकडी होत शेवटचा फेरा साडेपाच मिनिटांहून जास्त वेळ चालत होती आणि डॉक्टर शेजारून नुसते चालत होते. तिनंच हातानं दूर केलं होतं. तिच्या अंगावर घाम आहे, म्हणजे शरीर अजून स्वतःला थंड करतंय, हे पाहून त्यांनी तिला जाऊ दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ती चित्रफीत शाळेत मुलांना दाखवायचो आणि सांगायचो, बघा जिद्द. आता दाखवतो ती डॉक्टर काय बघत होते हे शिकवायला.

घामाचं मोल सांगणारी सगळ्यात वाईट गोष्ट 1912 ची. स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो ऊन लागू नये म्हणून अंगाला मेण फासून उतरला होता, असं सांगतात. घाम बाहेर पडायला वाट राहिली नाही. तो वाटेतच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या पोरांचं कोडं सुटलं. धुळ्या-नंदुरबारकडून मे महिन्यात येणारा पोरगा म्हणतो, “आमच्याकडं 43 डिग्रीत पळतो, इथं तर 36 च आहे.” आणि तिसऱ्या दिवशी तोच पडतो. खानदेशचं ऊन कोरडं. घाम आला की सुकतो, आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. सुरत खाडीकाठची. इथं घाम येतो, ओघळतो, गंजी पिळून निघते, पण सुकत नाही. सुरतेची हवाच अंगाला मेण फासते. नव्या हवेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून गावाहून आलेल्याला पहिला आठवडा मी निम्मंच पळवतो. तो रुसतो, रुसू दे.

आपलीही माणसं या इतिहासात आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला. मॅरेथॉनला दोघे होते. बेळगावचा फडेप्पा चौगुले एकोणिसावा आला. सदाशिव दातार शर्यत पूर्ण करू शकला नाही. चौगुल्यांचं नाव आजही घेतलं जातं, दातारांचं कुणाला ठाऊक नसतं. मी मात्र पोरांना दोन्ही नावं पाठ करायला लावतो. वाटेत थांबलेला माणूसही ऑलिंपिकला गेलेलाच असतो.

आणि शहाणपण शोधायला इतकं लांब जायचीही गरज नाही. भेस्तानच्या शेजारी डिंडोली आहे. 1930 च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दांडीयात्रा सुरतेहून याच डिंडोलीवरून वांझ, धामण करत नवसारीला गेली. साठी गाठलेला म्हातारा, सोबत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांच्यासारखे आश्रमवासी, सुमारे 385 किलोमीटर, 24 दिवस. चालणं सकाळी आणि संध्याकाळी. दुपारच्या उन्हात मुक्काम. सोमवारी पूर्ण विश्रांती. ज्यांना झेपेना त्यांच्यासाठी बैलगाडीची सोय. साम्राज्याला आव्हान द्यायला निघालेल्या माणसानंही दुपारच्या उन्हाशी पैज लावली नव्हती.

पाण्याबाबत मात्र आम्ही दोन्ही टोकं पाहिली. माझ्या लहानपणी ‘पळताना पाणी पिऊ नये, पोटात गोळा येतो’ असं वस्ताद सांगायचे; सेंट लुईसचेच भाऊ ते. मग काळ उलटला. प्या, तहान लागायची वाट बघू नका, जमेल तेवढं प्या. त्याचीही किंमत मोजावी लागली. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम पातळीखाली गेलेलं निघालं. पाण्याचा अतिरेक हे त्यातलं मोठं कारण. त्यातही डोकं गरगरतं, मळमळतं, भान जातं. आता तज्ज्ञ तेच सांगतात जे आजी सांगायची: तहान लागेल तसं पी. घाम फार गेला तर ताकात मीठ टाक.

राहिला आमच्या नंदुरबारच्या पोराचा प्रश्न. तो पळताना पडला नाही, थांबल्यावर पडला. यातच सगळं आहे. पळताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलत असतात. रेघ ओलांडून गपकन उभं राहिलं की पंप बंद. रक्त पायांत साचतं, डोक्याला कमी पडतं, अंधारी येते. अशा वेळी शरीर स्वतःच आडवं होतं, कारण रक्त डोक्याकडं न्यायचा तोच सोपा मार्ग. आणि आपण काय करतो? माया म्हणून त्याला उभं करतो. रेघेनंतर पाच-सात मिनिटं चालत राहिलं तर बहुतेक वेळा ही पाळीच येत नाही. आलीच, तर आडवं करून पाय वर, एवढंच औषध. कांद्याशी माझं भांडण नाही, खिशात ठेवा, भाकरीबरोबर खा. पण बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं.

रेघेआधी, भर धावेत जो पडतो त्याची गोष्ट वेगळी. तिथं घाबरायचंच. पडण्यापूर्वी छातीत दुखत होतं, धडधड होत होती, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं आहे, तर ते हृदयाचं असू शकतं. तो पोरगा तपासणीशिवाय पुन्हा रस्त्यावर येणार नाही. अंग भट्टीसारखं तापलंय आणि असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात. इथं घामाच्या भरवशावर राहू नका; पळून झालेल्या उष्माघातात अंग ओलं असतानाही माणूस जातो. 108 ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नका: सावलीत नेऊन मिळेल त्या गार पाण्यानं, बर्फानं सगळं अंग भिजवा, जमलं तर टाकीतच बसवा, डोकं धरून ठेवा. आधी थंड करायचं, मग दवाखाना. हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबत राहायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मागाचा ठोका ओळखणाऱ्या पोरांना ही लय शिकवायला मला एक सकाळ पुरली.

पण हे सगळं करायला शेजारी कुणीतरी हवं. म्हणून मी भेस्तानात जासुदांची पद्धत परत आणली आहे. एकटा आलेला पोरगा पळत नाही. जोडी लावायची, दोघांनी एकमेकांना दोन प्रश्न विचारायचे: रातपाळी होती का, आणि सकाळी काय खाल्लं? पळताना अधूनमधून बोलायचं. उत्तर तुटक आलं, पाऊल रेघ सोडायला लागलं, की शेजाऱ्यानं थांबवायचं, आणि थांबवल्याबद्दल भांडायचं नाही. सुरुवातीला पोरं कुरकुरली, जोडीदारामुळं सेकंद जातात म्हणून. जाऊ देत. परीक्षेच्या दिवशी एकटंच पळायचं आहे.

नंदुरबारचा तो पोरगा आता रातपाळी असली की पळत नाही. त्या सकाळी तो माझ्याशेजारी घड्याळ घेऊन उभा राहतो. परवा एक नवा पोरगा एकटाच आला, वाकून बुटाची नाडी बांधू लागला. मी शिट्टी तोंडाला लावायच्या आतच हा त्याला विचारून मोकळा झाला, “भाऊ, तुनी जोडी कोठे शे?”