तफ्त : डाळिंबांचं गाव, जिल्ह्याचं ठिकाण आणि बिदरशी जुनं नातं

इराणच्या मध्यभागी, यज्द शहरापासून नैऋत्येला वीसेक किलोमीटरवर तफ्त हे छोटं शहर आहे. २०१६ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १८ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी. बोली फारसी. गाव लहान असलं तरी ते जिल्ह्याचं ठिकाण आहे.

कारभार कसा चालतो?

इराणमध्ये प्रांताला ‘ओस्तान’, जिल्ह्याला ‘शहरस्तान’ आणि त्याखालच्या, साधारण तालुक्यासारख्या विभागाला ‘बख्श’ म्हणतात. शहरस्तानचा प्रमुख ‘फर्मानदार’. तो आपल्या कलेक्टरसारखा सरकारनियुक्त असतो. शहराचा कारभार ‘शहरदार’ बघतो. त्याला लोकांनी निवडून दिलेली परिषद निवडते. फर्मान, शहर हे शब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. सुभेदार, हवालदार, जमादार हेही त्याच घराण्यातले.

पाणी आणि डाळिंब

यज्दच्या पठारावर वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरही भरत नाही. तफ्तला आधार आहे तो शिरकूह डोंगराचा. चार हजार मीटरहून उंच असलेल्या या डोंगरावर हिवाळ्यात बर्फ पडतो. ते वितळून जमिनीत मुरलेलं पाणी ‘कनात’मधून गावात येतं. कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून हलक्या उतारानं खणत आणलेला भुयारी पाट. त्यावर ठरावीक अंतरानं हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी विहिरी असतात. पंप नाही, वीज नाही. याच पाण्यावर तफ्तच्या प्रसिद्ध डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत.

बिदरशी संबंध

सूफी संत शाह नेमतुल्ला वली यांनी तफ्तमध्ये खानकाह, म्हणजे मठ उभारला. त्यांचं निधन १४३१ मध्ये झालं. बहमनी सुलतान अहमदशहाची त्यांच्यावर श्रद्धा होती. पुढे त्यांचे पुत्र खलीलुल्ला बिदरला आले. अष्टूरच्या वाटेवरची ‘चौखंडी’ ही त्यांचीच कबर. बिदरच्या नौबाद भागातला भुयारी ‘करेझ’ही कनातच्याच तंत्राचा.

मुंबई-पुण्यातले इराणी

तफ्त आणि जवळच्या चमसारख्या खेड्यांत झरतुष्ट्री लोकांची जुनी वस्ती. त्यांच्यावर जिझिया कर होता. त्यांची स्थिती सुधारावी म्हणून मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला धाडलं. बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ मध्ये हा कर रद्द झाला. दरम्यान दुष्काळ आणि जाचामुळे यज्द परिसरातली अनेक कुटुंबं मुंबई-पुण्याकडे आली. इराणी हॉटेलं चालवणाऱ्यांपैकी अनेकांची मूळ गावं याच भागातली. ‘तफ्ती’ आडनाव तर थेट या गावावरून आलेलं.

आजचा प्रश्न

गेल्या काही दशकांत इराणभर खोल विहिरी आणि पंप वाढले. भूजल खाली गेलं आणि अनेक कनाती कोरड्या पडल्या. कनात जमिनीत जेवढं आहे त्यातलंच वाहून येईल तेवढं देते. पंप मात्र तळापर्यंत उपसतो. बोअरवेल दरवर्षी आणखी खोल न्यावी लागणाऱ्या आपल्या सीमाभागाला हा फरक नवा नाही. सरकारी हुकमानं एखादं गाव जिल्ह्याचं ठिकाण होतं, पण ते टिकतं पाण्यावरच.