गोष्टी आधी आल्या, कायदा मागून



वयात येताना वर्गातली पोरं मुलींविषयी बोलू लागतात. एखाद्याला मात्र मुलाचीच ओढ वाटते, एखाद्या मुलीला मैत्रिणीची. भडगावात हे सांगायचं कोणाला? टिंगलीचे शब्द सगळ्यांना ठाऊक. स्वतःला हाक मारावी असा शब्द मात्र सापडत नाही. मग वाटतं, जगात असा मी एकटाच. हा एकटेपणा कसा कमी होत गेला, ते आज आम्ही सांगणार आहोत.

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातलं आणि समलिंगी संबंध गुन्हा ठरले. सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने त्यातून सोडवले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. पण काही माणसं त्याच्या कितीतरी आधी बोलली होती.

१९८६ मध्ये मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी यांनी ‘सॅव्ही’ मासिकातल्या मुलाखतीत, आपण समलिंगी आहोत हे नावानिशी सांगितलं. ‘सॅव्ही’ हे बायकांचं मासिक, आणि त्यात त्यांच्या आईचीही मुलाखत होती! १९९० मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं.

हे सारं मुख्यतः इंग्रजीत. मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्येच आलं होतं. पुढे २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. त्यांच्या ‘पार्टनर’ कादंबरीत एका समलिंगी मुलाचं वाढणं आहे, तर ‘मनाचिये गुंती’त घरच्यांचेही अनुभव आहेत. आपल्याच बोलीत, आपल्यासारख्याच घरातली गोष्ट वाचली की छातीवरचं ओझं हलकं होतं.

मग आईबापही पुढे आले. कलम ३७७ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात १९ पालक उभे राहिले. ‘माती माय’च्या दिग्दर्शिका चित्रा पालेकर त्यांच्यातल्या एक. त्यांची मुलगी समलिंगी आहे, हे त्या उघडपणे सांगतात. आज ‘स्वीकार’ या गटात असे पालक एकमेकांना धीर देतात.

मैत्रिणींनो, आपल्या आज्या जात्यावर बसून सासरचं दुःख ओवीत सांगायच्या. ऐकणारीला वाटायचं, हे तर माझंच! दुःख तेवढंच राहायचं, पण वाटून घेतलं जायचं.

आज खान्देशात अशा मुलाला ‘लग्न केलं की सुधरेल’ म्हणून बोहल्यावर चढवलं, तर दोन जीव कोंडले जातात: एक त्याचा, दुसरा कोणाच्यातरी लेकीचा. हा काही आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

म्हणून लेकराने उद्या काही सांगायला तोंड उघडलं, तर लगेच देवऋषी शोधू नका, स्थळंही पाहू नका. जवळ बसवा आणि त्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐका.